संग्रहालयाच्या तिकिटात पैसे कसे वाचवता? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

सुट्टी लागली की आपल्याकडं विजापूर, हैदराबाद, मुंबईचे बेत ठरतात. गाडीभाडं आणि हॉटेलचा हिशेब सगळे करतात, तिकिटांचा कुणी करत नाही. मग खिडकीपाशी पोचल्यावर घरातली मोठी माणसं "तुम्ही या बघून, आम्ही बसतो इथंच" म्हणतात. मला ते फार लागतं. म्हणून हा धागा.

माझ्यापासून सुरुवात करते. अमेरिकेतली बहीण, मेहुणे आणि भाची आले की गोलघुमट ठरलेला. तिथं भारतीयांना 25 रुपये आणि परदेशी पर्यटकांना 300. या तिघांकडं पासपोर्ट अमेरिकेचे असले तरी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) आहे, आणि ओसीआयवाल्यांना स्मारकं-संग्रहालयांत भारतीयांचाच दर लागतो. त्यामुळं खिडकीवर पासपोर्ट काढूच नका, आधी कार्ड पुढं करा. तिघांचे 825 रुपये वाचले. कार्डाचा मोबाईलमधला फोटो नको, मूळ कार्डच सोबत ठेवा.

जुळे सोलापूर, शिक्षिका
पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सातवीची सहल असली तर प्रश्नच येत नाही. नववी-दहावीच्या वर्गात मात्र निम्मी मुलं इकडं, निम्मी तिकडं. मी शाळेच्या लेटरहेडवर जन्मतारखांसह यादी करते, मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेते आणि 15 पूर्ण झालेल्यांच्या नावापुढं खूण करते. खिडकीवर एकेकाचं वय विचारत बसावं लागत नाही. मोठ्यांची तिकिटं क्यूआर कोडवर काढली की 25 चे 20 होतात. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय अवघ्या 5 रुपयांत आहे, तेवढ्यासाठी ते चुकवू नका. फक्त शुक्रवारी ते बंद असतं.

होटगी रोड
हैदराबादला जाताना एका टूरवाल्यानं "सगळी तिकिटं धरून" माणशी 500 रुपये वेगळे लावले होते. घरी कागद घेऊन बसलो. गोवळकोंडा 25, चारमिनार 25, सालारजंग संग्रहालय 50. झाले 100! तिकिटं आमची आम्ही काढू, एवढं स्पष्ट सांगितलं आणि पैसे कमी करून घेतले. दुसरं म्हणजे, सालारजंगही शुक्रवारी बंद. शुक्रवारी पोचत असाल तर गोवळकोंडा आधी उरका आणि सालारजंग शनिवारी ठेवा, म्हणजे त्यासाठी एक मुक्काम वाढत नाही. तिथलं वाजणारं घड्याळ बघायचं तर बाराच्या आधी जागा धरा. दर तासाला घड्याळातला छोटा यांत्रिक माणूस बाहेर येऊन टोले देतो, पण बाराला ते बघायला सगळे जमतात.

साखर पेठ
मी लेकीकडं लंडनला गेले होते. तिथली मोठी सरकारी संग्रहालयं फुकट आहेत, ब्रिटिश म्युझियमसुद्धा. पैसे फक्त खास प्रदर्शनांना लागतात, दारातल्या पेटीत काही टाकायचं की नाही ते आपल्यावर. आमच्या घरात तेलुगू बोलतात, त्यामुळं आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पं तिथं समोर दिसली तेव्हा पाय हलेनात. पांढरट दगड, त्यावर दाटीवाटीनं कोरलेली माणसं, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तेवढंच दालन पाहिलं. तिकीट असतं तर गेले नसते. शुक्रवारी तिथं रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी गर्दी ओसरते.

सात रस्ता
18 एप्रिलला जागतिक वारसा दिन, 19 नोव्हेंबरला वारसा सप्ताहाचा पहिला दिवस. या दिवसांना पुरातत्त्व खातं प्रवेश मोफत जाहीर करतं. आमच्यासारख्या मोठ्या कुटुंबाला परवडतं, पण सकाळी उघडताना पोचा, नंतर नुसती रेटारेटी. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, दोन्ही जोडून करणाऱ्यांनी वार पाहूनच निघावं.

अक्कलकोट रोड
लांब कशाला, तेरला जा की! धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखं आहे. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळच्या मातीच्या मूर्ती आणि मणी आहेत. रोमशी व्यापार चालत होता, त्या काळातलं हे गाव. इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती तेरला सापडली आहे. तिकीट नाममात्र. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही बांधून न्या, जेवणाचाही खर्च नाही. सोमवार सोडून जा.