बॅटच्या मागच्या खोलगट भागाला घासायला काय वापरता?

चिपळूणचा_ओपनर:
नमस्कार मंडळी, मी टेनिस बॉलच्या बॅटी रिपेअर करतो आणि गेल्या सीझनपासून काश्मीर विलोचे क्लेफ्ट (बॅटसाठी कापलेले लाकडाचे ओंडके) मागवून स्वतः बॅट बनवायला लागलोय. रंध्यापर्यंत काम छान होतं, अडतं ते फिनिशिंगला. स्पाइनच्या (बॅटच्या मागचा मधला उंच कणा) दोन्ही अंगाला जो खोलगट भाग असतो ना, तिथे ऑर्बिटल सँडर (पॉलिश पेपर लावून घासायचं मशीन) लावला की पॅडची कड लागते आणि अर्धचंद्रासारखे ओरखडे उठतात, स्पाइनवर धरला तर तिथलं लाकूड चपटं होतं. परवा ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून बघितली तर डोळ्याची पापणी लवायच्या आत एजजवळ (बॅटच्या कडेजवळ) खड्डा पडला, एका पोराची ऑर्डर होती, त्याला दुसरी बॅट करून द्यावी लागली, फार वाईट वाटलं. हाताने घासायचं तर दोन-दोन तास जातात आणि तरी हात फिरवला की उंचवटे लागतातच. कोणतं हत्यार घेऊ? मुंबईला चक्कर आहे पुढच्या आठवड्यात.

सुतारकाम_सांगली:
दादा, ग्राइंडर बॅटपासून लांबच ठेवा, त्याचा स्पीड लोखंडासाठी असतो, विलोसारखं मऊ लाकूड तो खातच सुटतो. तुमचा सँडर चांगलाच आहे हो, पॅड कडक आहे एवढंच. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यांना सामान देणारं दुकान गाठा, तिथे वेल्क्रोवालं फोमचं इंटरफेस पॅड मिळतं, सँडर आणि पेपरच्या मध्ये बसवायचं, मग पेपर गोलाईवर दबतो आणि कड रुतत नाही. पण ते बाहेरच्या फुगीर गोलाईला, खोलगट भागाला त्याचा फारसा उपयोग नाही.

नागदेवी_फेरीवाला:
मुंबईला येताय तर नागदेवी स्ट्रीटला जा, मस्जिद बंदर स्टेशनवरून चालत आहे. तिथे ६ एमएम दांड्याचं फ्लॅप व्हील मागा, डिस्क नाही, व्हील, वहीच्या पानांसारखे पेपरचे तुकडे गोल बसवलेले असतात. साध्या ड्रिलला लागतं. १२० नंबर घ्या (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), ड्रिल कमी स्पीडला ठेवा आणि हात एका जागी थांबू देऊ नका, टो म्हणजे बॅटच्या खालच्या टोकापासून शोल्डरकडे, म्हणजे दांड्याजवळच्या खांद्याकडे, लांब ओढत न्या. कागदाचा पॉलिश पेपर वळणावर फाटतो, म्हणून कापडाच्या पाठीचा रोल पण घेऊन ठेवा.

विलो_वेडा:
मी गेली बरीच वर्षं सीझन बॉलच्या (लेदर बॉलच्या) बॅटी घासतोय, माझं सगळ्यात आवडतं हत्यार घरीच बनवलेलं आहे. पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, त्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवायची, वरून ८० नंबरचा कापडी पेपर गुंडाळायचा. पाइपची गोलाई बॅटच्या खोलगट भागाच्या गोलाईपेक्षा थोडी लहान हवी, मोठी असेल तर दोन्ही कडा घासल्या जातात आणि मधलं तसंच राहतं. घासायच्या आधी पेन्सिलने सगळ्या भागावर आडव्या रेघा मारा. चार हात मारले की जिथे रेघ शिल्लक राहिली तिथे खळगा आहे, जिथे आधी गेली तिथे उंचवटा. तुमचे उंचवटे का राहतात ते लगेच कळेल. नेहमी लाकडाच्या स्वतःच्या रेषांच्या दिशेने घासा, आडवं घासलं तर तेल लावल्यावर एकेक ओरखडा वर येतो.
अजून एक, फेसवर (बॉल लागतो त्या पुढच्या बाजूवर) जोर करू नका. बॅट प्रेस करून जो वरचा थर घट्ट केलेला असतो तोच घासून काढलात तर बॉल लागला की खळगे पडायला लागतात. फेसला १८० आणि मग २४०, हलक्या हाताने, बस. आणि पुढे लेदर बॉलच्या बॅटी घ्याल तेव्हा व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) जवळ ठेवा, १ ऑक्टोबर २०१७ पासून नियमात एज ४० एमएम आणि जाडी ६७ एमएम च्या वर चालत नाही.

चिपळूणचा_ओपनर:
विलो दादा, पाइप आजच बनवला, पेन्सिलच्या रेघा मारल्यावर दिसलं की स्पाइनच्या डावीकडे माझा रंधाच जास्त खोल जात होता, मी उगाच पेपरला दोष देत होतो. ८०, १२०, १८० झालं, पाऊण तासात. आता शेवटी लाकडाचे बारीक केस उभे राहतात त्याचं काय करू?

विलो_वेडा:
ओलं फडकं घट्ट पिळून एकदाच फिरवा, केस सगळे उभे राहू दे, पूर्ण वाळलं की ३२० हलकं मारा. टोवर पाणी जाऊ देऊ नका, तिथून ओल चढते आणि बॅट फुगते. मग कच्चं जवसाचं तेल, पातळ हात, आणि एक दिवस आडवी ठेवा. आणि घासताना मास्क लावत जा भावा, विलोची पावडर फार बारीक असते.