वाचनालयाच्या तासाला कात्री-कागद हवेत का?

तिसरीची_ताई
आमची जिल्हा परिषदेची शाळा, वाचनालय म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची खोली, दोन लोखंडी कपाटं आणि खाली सतरंजी. आठवड्याला 35 मिनिटांचा एक तास. दिवाळीनंतर मी महिन्यातले दोन तास पुस्तक बनवायला द्यायला लागले. ए-फोर कागदाला घड्या घालून आठ चौकोन पाडायचे, मधल्या घडीवर एकच काप द्यायचा आणि कागद फिरवून दुमडला की कव्हर धरून आठ पानांचं पुस्तक, ना स्टेपलर ना डिंक. मग मुलं लिहितात. कुणी शेळी व्यायली ते लिहिलं, एकाचे आईबाबा ऊसतोडीला गेलेत आणि तो आजीकडे राहतो, त्याने आईला काय काय सांगायचंय तेच पानापानावर लिहिलं. मी त्या पुस्तकांना नंबर टाकून कपाटात ठेवली, आता बाकीची मुलं ती घरी न्यायला मागतात. आमचे एक सर म्हणतात हे कार्यानुभवाच्या तासाला करा, इथे पोरांना वाचू द्या. तुम्हाला काय वाटतं?

वाचू_द्या
ताई, तुमची कळकळ कळतेय पण मी सरांच्या बाजूचा. हिशोब करा, सुट्ट्या-परीक्षा जाऊन वर्षाला 30 आठवडे मिळाले तरी 30 गुणिले 35 म्हणजे साडेसतरा तास. वर्षभरात एवढेच! आणि तुमच्याकडच्या किती घरांत पाठ्यपुस्तक सोडून दुसरं पुस्तक असेल? शिक्षण हक्क कायद्यात 2009 सालीच लिहिलंय की प्रत्येक शाळेत वाचनालय हवं, गोष्टीची पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रं हवीत. ते मिळायला इतकी वर्षं गेली, आता कुठे पुस्तक हातात येतंय तर त्या हातात कात्री का द्यायची? कार्यानुभवाला वेगळा तास आहे की.

खेळण्यांची_आई
दादा, कार्यानुभवाचा तास कागदावर असतो, गणित मागे पडलं की पहिला तोच जातो, हे सगळ्यांना माहितीय. आणि हाताने केलेलं डोक्यात राहतं. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन मुलांना त्रिकोण-चौकोन शिकवले, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत किती मुलांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. माझी मुलगी तिथून आली आणि पुढचा आठवडाभर घरात स्ट्रॉच्या पिपाण्या वाजत होत्या, मग स्वतःहून विचारायला लागली की स्ट्रॉ कापून लहान केली की आवाज बारीक का होतो, आणि त्यासाठी पुस्तक शोधलं. हा क्रम उलटा चालत नाही असं मला तरी वाटतं.

वाचू_द्या
उलटाही चालतो ताई, मीच त्याचं उदाहरण. आमच्या शाळेत काही करायला नव्हतं, एक कपाट होतं आणि गुरुजी ते उघडं ठेवायचे. त्या कोपऱ्यात कुणी काही विचारायचं नाही, काही करून दाखवायला लागायचं नाही. बुजऱ्या मुलाला तेच हवं असतं.

चौथीचा_पालक
मी पण विरोधात, कारण आमच्याकडे काय झालं ते सांगतो. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पोरांना थर्माकोलचं पुस्तक करून आणायला सांगितलं, दोनशे रुपये गेले, रात्री अकरापर्यंत मी आणि बायको कापत बसलो, सकाळी फोटो निघाले आणि ग्रुपवर पडले. त्या दिवशी पोराने एक पानही वाचलं नाही.

तिसरीची_ताई
भाऊ, हे चूकच, यात मी तुमच्यासोबत. आमच्याकडे खर्च म्हणजे पाठकोरे कागद, आणि घरून काहीही आणायचं नाही हा नियमच आहे. वाचू_द्या दादा, बुजऱ्या मुलाचं म्हणणं मात्र लागलं मनाला. कोपऱ्यातली सतरंजी त्या दोन तासांतही वाचणाऱ्यांसाठी मोकळी ठेवते आता, कुणाला ओढून कागदाकडे आणणार नाही.

कपाटाची_किल्ली
सार्वजनिक वाचनालयात 22 वर्षं काम केलंय म्हणून एक सुचवते. मुलांना फाटकी पुस्तकं दुरुस्त करायला द्या. कणकेची खळ शिजवायची, पातळ कागदाची पट्टी, वरून वजन ठेवून रात्रभर सुकवायचं. सेलोटेप अजिबात नको, ती पिवळी पडते आणि पानावर डाग सोडते. पान कुठलं आधीचं कुठलं नंतरचं हे लावायला गोष्ट वाचावीच लागते, आणि आपण चिकटवलेलं पुस्तक मूल सहसा आपटत नाही.

वाचू_द्या
हे पटलं, दुरुस्तीला माझी ना नाही, ते वाचनालयाचंच काम आहे. पण नवीन पुस्तकं बनवण्याबद्दल माझं मत तेच. महिन्यात दोन तास म्हणजे निम्मा वेळ जातो, एक करा फारतर. बाकी ते शेळीचं पुस्तक कुठंय सध्या?

तिसरीची_ताई
चौथीतल्या एका मुलीने नेलंय, तीन आठवडे झाले, परत द्यायला तयार नाही. म्हणते धाकट्या भावाला रोज वाचून दाखवते. एका तासाचा विचार करते दादा.