'वध केला' की 'मरू दिले'?

सुरसागरकाठी:
वडोदऱ्यातील आमच्या मंडळाच्या त्रैमासिकासाठी मी सुपरहीरोंच्या चित्रपटांवर लेख लिहिला आहे. २००५ सालच्या 'बॅटमॅन बिगिन्स'च्या शेवटी बॅटमॅन खलनायक रास अल् घूलला उन्नत मार्गावरच्या भरधाव रेल्वेगाडीत सोडून निसटतो. मी तुला मारणार नाही, पण वाचवायला बांधलेलाही नाही, अशा अर्थाचे तो काही बोलतो आणि गाडी कोसळते. मी लिहिले होते, 'बॅटमॅनने त्याला मरू दिले.' संपादकांनी ते खोडून 'बॅटमॅनने त्याचा वध केला' असे केले आणि समासात लिहिले, 'खलनायकाचा वधच होतो.' मला हा बदल मान्य नाही, कारण मृत्यूची जबाबदारी कोणाची हेच या एका क्रियापदाने बदलते. आपणा सर्वांचे मत काय?

मांडवीकर:
संपादकांचे बरोबर आहे. कंसवध, कीचकवध, जरासंधवध ही आपली परंपरा आहे, आणि दुष्टाच्या मृत्यूला मराठी माणूस हत्या म्हणत नाही. 'वध्य' म्हणजे मारण्यास योग्य, आणि त्यावरूनच 'वध' आला असावा. मारणाऱ्याचा अधिकार त्या शब्दातच आहे.

शब्दवेडा:
मांडवीकर, क्रम उलट आहे. 'वध्य' हा शब्द 'वध'वरून होतो. शिवाय पाणिनीने 'हन्' धातूच्या काही रूपांत त्याच्या जागी 'वध' आदेश सांगितला आहे, म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने 'हत्या' आणि 'वध' एकाच घरचे आहेत. दुष्टालाच वध लागतो म्हणावे, तर क्रौंचवधातील पक्ष्याने काय केले होते? आपण गोहत्याही म्हणतो आणि गोवधबंदीही म्हणतो. गाय तीच असते.

निवृत्त_वकील:
कायद्याचे मराठी पाहिले तर 'वध' हा निव्वळ तटस्थ शब्द आहे. भारतीय दंड संहितेच्या २९९व्या कलमात 'सदोष मनुष्यवध' आणि ३००व्या कलमात 'खून' होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलमे १०० आणि १०१ आहेत. खुनाहून खालच्या पायरीवर 'वध' आहे, आणि तो सदोष आहे की नाही हे वेगळे विशेषण लावून सांगावे लागते.

मात्र सुरसागरकाठी, आपले 'मरू दिले'सुद्धा मला पुरते पटत नाही. बुडणाऱ्याला काठावरून पाहत राहणाऱ्या परक्या माणसाने 'मरू दिले' असे म्हणता येईल. इथे त्या उन्नत मार्गाचे खांब पाडण्याची कामगिरी बॅटमॅननेच पोलीस अधिकारी गॉर्डनवर सोपवली होती. संकट उभे करण्यात ज्याचा हात आहे, त्याला 'मी फक्त वाचवले नाही' असे म्हणता येत नाही.

रावपुऱ्याची_लेक:
'हातून' हा शब्द कोणालाच कसा आठवला नाही? आमच्या जुन्या वाड्यात आजीने एकदा दार लोटले आणि बिजागरीत पाल चिरडली. फटीतून तिची तुटलेली शेपटी खाली पडून वळवळत होती. आजी म्हणाली, 'माझ्या हातून पाल मेली गं.' 'मी मारली' असे ती म्हणाली नाही, पण नुसते 'पाल मेली' असेही म्हणाली नाही, आणि त्या रात्री ती जेवली नाही. आपला हेतू नव्हता, पण हात आपलाच होता, हे दोन्ही तिने त्या एका शब्दात कबूल केले. म्हणून मी लिहीन, 'रास अल् घूल बॅटमॅनच्या हातून मेला.'

शब्दवेडा:
शब्द सुंदर आहे, पण बॅटमॅनला तो फार सवलत देतो. पालीबद्दल आजींचा हेतू नव्हता. त्याने मात्र विचारपूर्वक पाठ फिरवली. २००२ सालच्या 'स्पायडरमॅन'मध्ये ग्रीन गॉब्लिन मागून आपले यान सोडतो, स्पायडरमॅन उडी मारून बाजूला होतो आणि यानाची पाती गॉब्लिनच्याच पोटात घुसतात. तिथे तर मी 'हातून'सुद्धा म्हणणार नाही. तो आपल्याच शस्त्राने मेला. उलट २०१३च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये एका कुटुंबाला वाचवण्यासाठी सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो आणि मग आक्रोश करतो. तिथे 'मारले' हेच क्रियापद हवे, कारण 'वध' म्हटले की तो आक्रोश झाकला जातो.

मांडवीकर:
कोर्टाच्या तराजूने पुराणाचे शब्द तोलू नयेत. 'खून' तर मुळात फारसी, त्याचा अर्थ रक्त. तो मराठीत मिरवण्याची गरज नाही.

निवृत्त_वकील:
या शहरात तरी असे म्हणू नये. १९३१ साली बडोदे सरकारने 'श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला, तेव्हा राज्यकारभाराच्या एकेका शब्दासाठी संस्कृत, फारसी, गुजराती, मराठी असे आठ भाषांतील शब्द शेजारी शेजारी मांडले होते. आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा जो झाला, त्याला आपण सगळे खूनच म्हणतो. आज्ञा 'धरावे' अशी होती आणि 'ध'चा 'मा' झाला, ही कथा खरी धरली तरी रामशास्त्र्यांनी राघोबादादांना मोकळे सोडले नाही. गारद्यांना आत कोणी सोडले, हेच त्यांनी पाहिले.

सुरसागरकाठी:
वकीलसाहेबांचे म्हणणे मला पटले. मी आता 'बॅटमॅनने त्याला मरणाच्या दारी सोडले' असे लिहू का? आमच्या शेजारचा गुजराती मुलगा चित्रपट पाहून 'एणे मरवा दीधो' असे सहज म्हणाला होता. तेवढा सरळ शब्द मराठीतही असताना मला आता तो वापरवत नाही.

मांडवीकर:
मरणाच्या दारी आजारी माणूस असतो. हा प्रयोग चुकीचा आहे.

रावपुऱ्याची_लेक:
मांडवीकरकाका, मला एवढेच सांगा: इंद्राने वृत्राला मारले त्याला आपण वृत्रवध म्हणतो, मग त्याच मृत्यूसाठी इंद्राला ब्रह्महत्येचे पातक कसे लागले?

मांडवीकर:
ते उदाहरण इथे लागू होत नाही, कारण वृत्र हा त्वष्ट्याचा पुत्र होता आणि तिथे प्रश्न जातीचा येतो, कृतीचा नाही. रविवारी सविस्तर लिहितो. तोपर्यंत 'वध' खोडू नये.