मदत हवी आहे: माहितीपत्रकासाठी सोपं आणि स्वस्त सॉफ्टवेअर

आमराई_दापोली
दापोलीजवळ आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. त्याचं माहितीपत्रक करायचंय. वर्डमध्ये फोटो जरा सरकवला की खालचा मजकूर पुढच्या पानावर उडी मारतो. डिझायनर परवडत नाही, आणि दर बदलले की पुन्हा त्याच्याकडे धावायचं हेही नको. फुकट किंवा स्वस्त, पटकन शिकता येईल असं काही सुचवा. गणपतीच्या आधी हातात हवं.

मधुरा_द
लॅपटॉप की मोबाईल? मराठी की इंग्रजी? छापायचंय की व्हॉट्सॲपवर पाठवायचंय? प्रती किती?

आमराई_दापोली
लॅपटॉप. मराठी. छापायचंय. ए-४ ला दोन घड्या.

सुरंगी
मग कॅन्व्हा घ्या, दुसरीकडे बघूच नका. माझ्या बहिणीच्या पाळणाघराचं पत्रक मी एका दुपारीत केलं. तयार नमुना उचलायचा, फोटो टाकायचे, झालं.

छापखाना
प्रेसमध्ये आयुष्य गेलं म्हणून सांगतो, कोरल (कोरलड्रॉ, विकतचं डिझाइन सॉफ्टवेअर) शिका. फुकट कॅन्व्हात सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत, मिळत नाही. पडद्यावर झगझगणारा हिरवा रंग कागदावर मळका येतो आणि गिऱ्हाईक आमच्यावर ओरडतं.

सुरंगी
वर्षातून एकदा पत्रक काढणाऱ्याने कोरल विकत घ्यायचं? त्यांनी स्वस्त विचारलंय.

मुक्तस्रोत
स्क्रायबस. पूर्ण फुकट, सीएमवायके आहे, छपाईची पीडीएफ नीट देतं. जुन्या १.४ आवृत्तीत जोडाक्षरं फुटायची, १.६ मध्ये व्यवस्थित येतात.

सुरंगी
पण 'पटकन शिकता येईल' याचं काय? मी उघडलं होतं, चौकट काढण्यातच संध्याकाळ गेली.

नाना_सातारकर
एमएस पब्लिशर बघा. ऑफिसात आम्ही सगळं त्यातच करायचो.

मुक्तस्रोत
नाना, ऑक्टोबर २०२६ नंतर मायक्रोसॉफ्ट पब्लिशर बंद करतंय. आता नव्याने शिकू नये.

फिरस्ती
हल्ली पत्रक वाचतं कोण? गूगल मॅप्सवर नोंद करा, फोटो टाका. आणि दिवाळीत चार जणांसाठी खोली मिळेल का? जेवणात मासे असतात ना?

आमराई_दापोली
मॅप्सवर नोंद आहे. पत्रक एसटी स्टँडजवळच्या दुकानांत ठेवायचंय. खोलीचं व्यक्तिगत निरोपातून बोलू.
कॅन्व्हा उघडलं. जुन्या पत्रकातला मजकूर पेस्ट केला तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फॉन्ट बदलून पाहिला, काही फरक नाही. म्हणजे यात मराठी चालत नाही?

मधुरा_द
जुनं पत्रक कशात केलेलं?

आमराई_दापोली
पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये. बारा-तेरा वर्षं झाली.

मधुरा_द
हे आधी सांगायला हवं होतं. तो मजकूर युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र कोड देणारी सगळीकडे चालणारी पद्धत) नाही. तुम्हाला 'क' दिसतो तिथे फाइलमध्ये रोमन अक्षराचाच कोड असतो, म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी असंच दिसणार. छापील प्रत असेल तर उजेडात सरळ फोटो काढा, गूगल लेन्समधून मजकूर कॉपी करा. मग ओळ न् ओळ ताडून पाहा, विशेषतः रफार आणि फोन नंबर. मुक्ता किंवा बालू फॉन्ट वापरा.

व्याकरणप्रेमी
फॉन्टवरून आठवलं. देठाचा श आणि पाकळीचा ल हवा. २००९ च्या शासन निर्णयात तीच रूपं दिली आहेत. 'तिरो देवनागरी मराठी'त ती मुळातच आहेत. कोकणातल्या मराठी पत्रकावर हिंदी वळणाचा ल बघवत नाही.

छापखाना
ल राहू दे, आधी फोटो बघा. व्हॉट्सॲपवरून आलेले वापरू नका. १०० मिमी रुंद छापायचा तर फोटो किमान ११८० पिक्सेल रुंद लागतो. आणि तीन भाग सारखे करू नका: आत दुमडणारा ९७, बाकीचे दोन १०० मिमी. सारखे केलेत तर आतली बाजू घडीत अडकून चुरगळते. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड सोडा, म्हणजे रंग-फोटो कापायच्या रेषेच्या बाहेरपर्यंत न्या.

सुरंगी
कॅन्व्हातून डाउनलोड करताना 'पीडीएफ प्रिंट' निवडा, क्रॉप मार्क्स (कापायच्या खुणा) आणि ब्लीडवर टिक करा. हे फुकट खात्यातही आहे.

छापखाना
ठीक. पण रंगाचं मी म्हटलं ते खरंच आहे. एक प्रूफ (नमुना प्रत) कागदावर काढून, दिवसाच्या उजेडात बघून मगच होकार द्या.

आमराई_दापोली
लेन्सने मजकूर आला. 'दर्शन'चं 'दशन' झालं होतं, तेवढं हाताने केलं. मुक्ता फॉन्टमध्ये छान दिसतंय. आता प्रेसवाला विचारतोय, कागद १३० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) की १७०?

छापखाना
१३० आर्ट पेपर पुरे. १७० घेतलात तर घडीच्या जागी क्रीजिंग (दाबून खाच पाडणं) करून घ्या, नाहीतर गडद रंग घडीवर तडकतो. प्रती किती ते अजून सांगितलं नाहीत. शे-दोनशे असतील तर डिजिटल, हजाराच्या पुढे ऑफसेट.

आमराई_दापोली
पाचशे.

छापखाना
मग दोन्हीचे दर मागवा.