सीपी/एममध्ये मजकुराच्या फाइलीच्या शेवटी कंट्रोल-झेड का येतात?

प्रश्न
एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) सीपी/एम २.२ ही जुनी संगणक प्रणाली चालवून मी तिच्या संपादकात एक टिपण लिहिले आणि ती फाइल आजच्या संगणकावर आणली. मजकूर शंभर अक्षरांचाही नसताना फाइल नेमकी १२८ बाइटची निघाली आणि उरलेली सगळी जागा कंट्रोल-झेड या न दिसणाऱ्या नियंत्रण-अक्षराने भरलेली होती. हा एम्युलेटरचा दोष आहे की मूळ प्रणालीच अशी आहे?

उत्तर १
मूळ प्रणालीच अशी आहे. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये ती लिहिली तेव्हाच्या आठ इंची फ्लॉपीवर ७७ ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर २६ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये १२८ बाइट असत. तोच १२८ बाइटचा तुकडा, म्हणजे रेकॉर्ड, पुढे बीडॉसचे (सीपी/एमच्या फाइली हाताळणाऱ्या भागाचे) वाचण्या-लिहिण्याचे एकक झाला. डिरेक्टरीतील ३२ बाइटच्या नोंदीत आठ अधिक तीन अक्षरांचे नाव, रेकॉर्डांची संख्या आणि डिस्कवरील ब्लॉकांचे क्रमांक एवढेच मुख्यतः असते. फाइलीची लांबी रेकॉर्डांतच मोजली जात असल्यामुळे शेवटच्या रेकॉर्डात मजकूर कुठे थांबला हे मजकुरालाच सांगावे लागते, आणि ते काम कंट्रोल-झेड करतो. मात्र मजकुराने शेवटचा रेकॉर्ड काठोकाठ भरला, तर ही खूण नसली तरी चालते. फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमने दोन्ही शक्यता तपासल्या पाहिजेत. ही गोष्ट सहज निसटते, म्हणून मुद्दाम सांगतो.

उत्तर २
वरच्या उत्तराला एक पुरवणी जोडतो. कॉम फाइलींना (थेट चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलींना) या खुणेची गरज नसते, कारण त्या स्मृतीत १०० हेक्स (सोळाच्या पायातील १००) या पत्त्यापासून जशाच्या तशा उतरवल्या जातात आणि शेवटी आलेले जादा बाइट कधी चालवलेच जात नाहीत. पण पिप ही सीपी/एमची फाइली नकलणारी आज्ञा वापरून अनेक फाइली एकापुढे एक जोडताना पिप त्यांना मजकूर समजते आणि कंट्रोल-झेड दिसताच ती फाइल संपली असे मानते. म्हणून यंत्रभाषेतील फाइली जोडताना चौकटी कंसात ‘ओ’ हा पर्याय द्यावाच लागतो. १६ किलोबाइट स्मृतीतही चालावी अशा बेताने घडवलेल्या प्रणालीत शेवटाची जबाबदारी प्रोग्रॅमवर सोपवणे मला अगदी योग्य वाटते.

उत्तर ३
ही सवय पुढे एमएस-डॉस या नंतरच्या प्रणालीतही उतरली. त्या प्रणालीच्या डिरेक्टरीत फाइलीची लांबी बाइटांत नोंदलेली असते, तरीही ‘टाइप’ ही आज्ञा कंट्रोल-झेडपाशी थांबते आणि ‘कॉपी कॉन’ने कीबोर्डवरून लिहिलेली फाइल त्याच कळीने संपवावी लागते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. नेमक्या १२८ बाइटच्या मजकुराची फाइल करून पाहिली. तिच्यात एकही कंट्रोल-झेड आला नाही. आता माझा रूपांतराचा प्रोग्रॅम पहिल्या कंट्रोल-झेडपाशी किंवा तो नसल्यास शेवटच्या रेकॉर्डाच्या अखेरीस थांबेल आणि कॉम फाइलींना हात लावणार नाही, अशी दुरुस्ती करतो.