मदत हवी आहे : तोरणमाळला स्पिरिटचा स्टोव्ह न्यावा की गॅसचा?

राम राम मंडळी. डिसेंबरात जळगावहून तोरणमाळला तंबू घेऊन जायचा बेत आहे, आम्ही चौघं. चूल मांडायची नाही हे पक्कं. सातपुड्यात सागाचा पाला वाळला की एक ठिणगी पुरते.

घरात पितळी स्पिरिट स्टोव्ह पडून आहे. बिघडण्यासारखं त्यात काहीच नाही. पण परवा गच्चीवर चहा ठेवला तर उन्हात ज्योत दिसेचना! विझला समजून कोणी वरून स्पिरिट ओतलं तर हात भाजलाच म्हणून समजा. वारा आला की पाणी नुसतं कोमट. शिवाय वजनाला वजन धरलं तर स्पिरिटची उष्णता गॅसच्या जेमतेम निम्मी, म्हणजे बाटली मोठी न्यावी लागणार.

गॅसवाल्याला आच कमी-जास्त करता येते, खिचडी खाली लागत नाही. पण नुसत्या ब्युटेनचा डबा थंडीत मंदावतो म्हणतात (ते शून्य अंशाच्या आसपासच उकळतं). तोरणमाळ हजार मीटरच्या वर, पहाटे चांगलंच गारठतं. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा जळगाव-धुळ्यात दुकानात मिळतो का? कुरिअरच्या भानगडीत पडायचं नाही.

चौघांची खिचडी आणि दोन वेळचा चहा, दोन मुक्काम. २३० ग्रॅमचा एक डबा पुरेल का? वाऱ्याला आडोसा कसा करता तेही सांगा. डब्याभोवती पत्रा गुंडाळला तर डबा तापून फुटायची भीती, एवढं माहीत आहे.

भरताची वांगी घरूनच भाजून नेणार, त्यावर वाद नको.