मदत हवी आहे : गुदाशयातील कॅव्हर्नस हिमँजिओमाची (फुगलेल्या रक्तवाहिन्यांच्या वाढीची) शस्त्रक्रिया

नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. माझ्या धाकट्या भावाला (वय २७) पाचवीत असल्यापासून शौचावाटे रक्त जाते. दुखत मात्र कधीच नाही. मूळव्याध समजून त्याच्यावर एकदा शस्त्रक्रियाही झाली आणि नंतर इतका रक्तस्राव झाला की रक्ताच्या चार पिशव्या चढवाव्या लागल्या. एवढ्या लहान मुलाला मूळव्याध कशी, हे तेव्हाच का विचारले नाही, याची आईला अजून खंत वाटते.

गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन ५.८ वर आले. नव्या डॉक्टरांनी साधा एक्स-रे उजेडासमोर धरून ओटीपोटात खड्यांसारखे विखुरलेले पांढरे ठिपके दाखवले. फुगलेल्या शिरांमध्ये साकळलेल्या रक्ताच्या गुठळ्यांवर कॅल्शियम साठून ते होतात आणि या वयात तिथे ते इतके दिसले की हिमँजिओमाचा संशय घ्यायलाच हवा, असे ते म्हणाले. कोलोनोस्कोपीत निळसर, फुगीर शिरा दिसल्या; रक्त थांबणार नाही या भीतीने तपासणीसाठी तुकडा घेतला नाही. एमआरआयमध्ये संपूर्ण गुदाशयाची भिंत जाड असून आजार खाली गुदद्वारापर्यंत पोहोचलेला आहे. हा कर्करोग नाही, एवढा दिलासा आहे.

सर्जनांचा सल्ला असा आहे की रोगट गुदाशय काढून वरचे निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वाराशी जोडावे, स्फिंक्टरचे (शौच रोखून धरणारे) स्नायू राखावेत आणि जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावावी. लोहाची इंजेक्शने आणि रक्त देत दिवस काढता येतील, पण रक्त जाण्याचे मूळ त्याने हटत नाही, हे आम्हाला पटले आहे.

माझी काळजी पुढची आहे. भाऊ चाकणला कारखान्यात पाळीत काम करतो आणि तिथे लाइन सोडून वारंवार उठता येत नाही. इतक्या खाली जोड असलेल्या कोणाला, मग ते कर्करोगाचे रुग्ण असले तरी चालेल, पिशवी बंद केल्यावर शौचावर ताबा यायला किती महिने लागले? ओटीपोटातील नसांना इजा होऊन लघवीचा किंवा लैंगिक त्रास होण्याची शक्यता सर्जनांनी स्वतःच सांगितली. त्याचे लग्न ठरत असल्याने हा प्रश्न तो कोणाजवळ बोलत नाही, म्हणून मीच विचारते. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून शस्त्रक्रियेआधी तिथल्या रक्तवाहिन्या बंद करून घेतल्याचा कोणाला उपयोग झाला का?

तारीख अजून घेतलेली नाही. त्याआधी दुसरे मत घ्यायचे आहे. हीच शस्त्रक्रिया या आजारासाठी केलेले पुण्यातील किंवा मुंबईतील कोलोरेक्टल सर्जन माहीत असल्यास कृपया कळवावे.